शोपँचा सी शार्प मायनर वॉल्ट्झ: अ‍ॅप म्हणतं डी मायनर, ८८ बीपीएम, मूड 'उत्साही'. नक्की चुकतंय कोण?

गंधारवेडी
लोकहो, दोन दिवस डोकं भंजाळलंय म्हणून शेवटी धागा काढतेय. लहानपणी पेटी शिकले होते, आता दोन वर्षं कीबोर्डवर आपलं आपण पाश्चात्य वाजवायचा प्रयत्न चालू आहे. सध्या भूत बसलंय शोपँच्या (एकोणिसाव्या शतकातला पोलिश पियानो-संगीतकार) सी शार्प मायनर वॉल्ट्झचं (तीन ठोक्यांच्या चालीचा नाच), ओपस ६४ या संचातला दुसरा. शीट म्युझिक आहे, त्यावर चार शार्प (सूर अर्धा चढवायच्या खुणा), वर लिहिलंय 'टेम्पो ज्युस्तो'. आकडा बिकडा काही नाही.

तर मी एक जुनं रेकॉर्डिंग उतरवून घेतलंय, खरखर भरपूर, वाजवणाऱ्याचं नाव नाही, पण वाजवलंय असं की बास. ३ मिनिटं १० सेकंद. त्याच्याबरोबर वाजवायला बसले तर जुळेचना. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, मग ते टेम्पो आणि की सांगणारं अ‍ॅप असतं ना, त्याला ऐकवलं. त्याने सांगितलं डी मायनर, ८८ बीपीएम (मिनिटाला ठोके), मूड उत्साही. दुसऱ्या अ‍ॅपने डी मायनरच सांगितलं पण १७६ बीपीएम. आणि एका साइटवर याच वॉल्ट्झच्या दुसऱ्या कुठल्यातरी रेकॉर्डिंगपुढे ई मेजर लिहिलंय, मूड आनंदी!! एकाच रचनेच्या तीन पट्ट्या, दोन लयी आणि आनंदी?? मला तर ऐकताना दर वेळी घशाशी काहीतरी येतं. कुणीतरी उलगडून सांगा प्लीज.

निवांतराव
अ‍ॅप उडव, डोळे मीट, ऐक. धागा संपला.

गंधारवेडी
निवांतराव, डोळे मिटूनच वाजवते हो, तरी जुळत नाही 😀

काळीपांढरी
मी पियानो शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. तुझे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत, एकात एक गुंतवू नकोस. ई मेजरचं आधी सांगते कारण ते सोपं आहे.

सी शार्प मायनर आणि ई मेजर, दोघांना चार शार्प. सूर तेच, पट्ट्याही त्याच, फक्त घर कुठलं मानायचं तेवढा फरक. मशीन काय करतं, रेकॉर्डिंगमध्ये कुठला सूर किती वेळ वाजला याची बेरीज करतं आणि ती बेरीज कुठल्या स्केलच्या साच्यात बसते ते बघतं. दोन्ही साच्यांत तेच सात सूर असले की ते गोंधळणारच. माणूस गोंधळत नाही कारण माणसाला कळतं की वाक्य कुठे येऊन थांबतंय. या वॉल्ट्झमध्ये डाव्या हाताचा खालचा सूर, म्हणजे दर बारच्या (इथे तीन ठोक्यांचा एक गट) पहिल्या ठोक्यावर येणारा, तो लक्ष देऊन ऐक. फिरून फिरून सी शार्पवरच विसावतो. शिवाय बी शार्प (कीबोर्डवर पांढरा सीच तो) परत परत येतो. ई मेजरला त्या सुराची गरज नाही, सी शार्प मायनरला मात्र घरी परतायला तोच दरवाजा लागतो.

गंधारवेडी
थांब थांब थांब. म्हणजे ही मूर्च्छना झाली की! पांढरी तीन सा धरून बिलावलचे सूर, आणि त्यातल्याच धैवताला सा मानलं की काळी एकचा आसावरी थाट. धैवत म्हणजे सी शार्प. हे तर पेटीच्या क्लासमध्ये केलेलं आहे!!! आणि तो बी शार्प म्हणजे काळी एकचा शुद्ध निषाद, म्हणजे मधूनमधून किरवाणीचा रंग. अगं मग असं मराठीत सांगायचं ना 😀

काळीपांढरी
तू सांगितलंस की. आता तुझ्याच भाषेत पुढचं सांगते, कारण मला स्वतःला या रचनेत सगळ्यात सुंदर काय वाटतं तर ते हे. मधला भाग, जिथे 'प्यू लेंतो' लिहिलंय, म्हणजे आणखी संथ, तिथे शार्प जाऊन पाच फ्लॅट (सूर अर्धा उतरवायच्या खुणा) येतात, डी फ्लॅट मेजर. कागदावर बघून नवी पोरं घाबरतात की आता कुठल्या गावी आलो. पण सी शार्प आणि डी फ्लॅट ही कीबोर्डवर एकच काळी पट्टी! घर बदललंच नाहीये. सा तोच, काळी एक, फक्त कोमल गंधाराचा शुद्ध गंधार झाला, धैवत निषादही शुद्ध झाले. सी शार्प मेजर असंही लिहिता आलं असतं पण मग सात शार्प वाचावे लागले असते, म्हणून पाच फ्लॅट.

म्हणजे इतका वेळ बंद खिडकीच्या खोलीत बसलो होतो, कुणीतरी खिडकी उघडली, खोली तीच. आणि मग तो भाग संपतो आणि परत ते पळणारे सूर, परत मायनर. तुझ्या घशाशी येतं ते इथेच येत असणार.

गंधारवेडी
अगदी तिथेच. 🙏 आयडी बदलून शुद्धगंधारवेडी करावा म्हणते.

तिरकिट
लयीबद्दल मी बोलतो, मी तबलावाला, पाश्चात्य फार कळत नाही पण मात्रा मोजता येतात. ८८ आणि १७६ मध्ये भांडण नाहीये, एक दुसऱ्याच्या बरोब्बर निम्मं आहे. अ‍ॅप ठोके शोधतं आणि मग ठरवतं की याला दुप्पट म्हणायचं की निमपट, आणि या अ‍ॅपांना सवय चार मात्रांच्या गाण्यांची, त्यामुळे दोन-दोनच्या जोड्या लावायचा त्यांचा कल. वॉल्ट्झ तीनचा. तीनच्या चालीत दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर एक जोडी बारच्या आत आणि पुढची बारच्या रेषेवर तंगड्या टाकून बसणार. म्हणून ८८ ला टाळी देऊन बघ, दर दुसऱ्या बारला चुकल्यासारखं वाटेल. दादऱ्याच्या सहा मात्रा दोन-दोनने मोजल्यासारखं आहे ते, गणित जुळतं, वजन जुळत नाही.

बादवे, एकूण बार किती आहेत या चिजेत?

काळीपांढरी
१९२. रचना अगदी चोख आहे, ३२-३२ बारचे सहा तुकडे. पहिला विषय (टेम्पो ज्युस्तो), मग पळता भाग (प्यू मोसो, म्हणजे जरा अधिक गतीने), मग मधला संथ, परत पळता, परत पहिला, परत पळता. पळता भाग तीनदा येतो आणि शेवटही त्यावरच होतो.

तिरकिट
झकास. १९२ गुणिले ३ म्हणजे ५७६ मात्रा. ३ मिनिटं १० सेकंद म्हणजे १९० सेकंद. सरासरी मिनिटाला १८२ मात्रा. म्हणजे १७६ फार लांब नाही, अ‍ॅपला अगदीच शिव्या घालू नका. पण ही सरासरी आहे, आणि सरासरी म्हणजे काय तर एक पाय गरम पाण्यात, एक गार पाण्यात, मग एकंदरीत कोमट. गंधारवेडी, स्टॉपवॉच लावून सहाही तुकडे मोज.

गंधारवेडी
मोजले!! तीन वेळा मोजले, एखाद सेकंद इकडेतिकडे होईल.
पहिला ३९ सेकंद, पळता २३, संथ ४४, पळता २२, पहिला ४०, पळता २२. बेरीज १९०, चक्क जुळली.
प्रत्येक तुकड्यात ९६ मात्रा, म्हणजे पहिला मिनिटाला १४८ च्या आसपास, पळता २५० आणि नंतर २६२ 😳, मधला १३१. मग १८२ या लयीत कुठला तुकडा आहे?

तिरकिट
एकही नाही. तेच म्हणतोय. विलंबित आणि द्रुत बंदिशीची सरासरी काढून मध्यलय आली असं म्हणण्यातला प्रकार.

आणि २५० ने घाबरू नकोस. पळत्या भागात एक-दोन-तीन मोजायचंच नाही, जीभ अडखळेल. बारला एकच टिचकी वाजव. २५० भागिले तीन, मिनिटाला ८३-८४ टिचक्या, चालायची लय. डावा हात ती टिचकी देतो, उजव्या हाताचे सहा-सहा सूर त्यावर घरंगळतात.

कुंपणावरून
वाचतोय, मजा येतेय. एक शंका, मुळात शोपँने आकडा का नाही दिला? मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) होता ना तेव्हा?

काळीपांढरी
होता की, मेल्झेलने १८१५ लाच पेटंट घेतलं होतं. शोपँनेही सुरुवातीच्या एट्यूडना (सरावाच्या रचना) वगैरे आकडे दिलेत, पण १८३६ च्या आसपास नव्या रचनांना आकडे देणं त्याने जवळपास सोडलंच. हा वॉल्ट्झ छापला गेला १८४७ ला, त्याच्या हयातीत आलेल्या शेवटच्या वॉल्ट्झपैकी, १८४९ ला तर तो गेला. 'टेम्पो ज्युस्तो' म्हणजे योग्य ती लय. आता योग्य म्हणजे किती, ते तुमचं तुम्ही बघा. एकाच ओपसमधला पहिला, डी फ्लॅट मेजरवाला, त्यावर 'मोल्तो विवाचे' आहे, खूप चपळ. लोक त्याला मिनिट वॉल्ट्झ म्हणतात आणि खरंच एका मिनिटात संपवायच्या शर्यती लावतात, पण ते नाव शोपँचं नाही, आणि इंग्रजीत त्याच स्पेलिंगचा चिमुकला या अर्थाचा दुसरा शब्द आहे. सरळ वाजवला तर दीड-पावणेदोन मिनिटं होतात.

गंमत म्हणजे आकडे न देणाऱ्या या माणसाच्या पियानोवर शिकवताना मेट्रोनोम कायम असायचा असं त्याच्या शिष्याने, मिकुलीने, नोंदवलंय. शिष्यांच्या आठवणींत आणखी एक गोष्ट सारखी येते, डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, त्याने लय सोडायची नाही, उजव्याने हवं तसं रेंगाळावं, पुढे पळावं.

तिरकिट
अहो मग हे तर आमचंच झालं. ठेका सरळ, गायक आडवातिडवा जाऊन समेवर येणार. ठेका गायकाच्या मागे धावायला लागला की दोघेही पडले. म्हणजे रुबातो म्हणजे लय सोडणं नाही, लयीशी खेळणं, बरोबर ना?

काळीपांढरी
शोपँच्या बाबतीत तरी असंच सांगितलं जातं. प्रत्यक्षात आजचे बरेच पियानिस्ट दोन्ही हात मिळून थांबतात आणि दोन्ही मिळून पळतात, मीही त्यातलीच 🙈. जुन्या लोकांमध्ये दोन हात एकमेकांपासून सुटलेले जास्त ऐकू येतात, डावा आधी पडतो, उजवा केसभर नंतर. काहींना ते गबाळं वाटतं. मला नाही वाटत.

कुंपणावरून
ओके. मग डी मायनरचं काय? माझा अंदाज सांगू का, त्या काळी पियानो वेगळ्या पिचला लावायचे, ४४० वगैरे नंतर आलं. जुनं रेकॉर्डिंग आहे म्हणून अर्धा सूर वेगळा येत असेल.

काळीपांढरी
अंदाज वाईट नाही पण उलटा पडतो. फ्रान्समध्ये १८५९ ला ए चा सूर ४३५ (सेकंदाला इतकी कंपनं) ठरवला, ४४० वर एकमत १९३९ ला लंडनच्या परिषदेत झालं. ४३५ आणि ४४० मध्ये फरक साधारण २० सेंट, आणि पूर्ण अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. म्हणजे पाचवा हिस्साच झाला, आणि तोही खाली. हिचं रेकॉर्डिंग वर चढलंय. गंधारवेडी, कीबोर्डचं ट्रान्सपोज +१ (सगळे सूर अर्धस्वर वर) करून बघितलंस का? बरोबर बसतं का त्यावर?

गंधारवेडी
आत्ता बघितलं. जवळपास बसतं, पण पूर्ण नाही. कीबोर्ड किंचित वर वाटतो, म्हणजे रेकॉर्डिंग काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी आहे, पांढरी दोनच्या अगदी जवळ. पेटीवर असतं तर कान बंद करून म्हटलं असतं चालतंय.

एक वेडपट शंका, कुणीतरी खरंच डी मायनरमध्ये वाजवलं असेल असं होऊ शकतं का?

काळीपांढरी
नवशिक्यांसाठीच्या सोप्या आवृत्त्या वेगळ्या पट्टीत छापलेल्या असतात, शार्प कमी म्हणून. पण २५० च्या लयीत पळता भाग वाजवणारा माणूस सोपी आवृत्ती कशाला घेईल? शिवाय काळ्या पट्ट्यांवर ही रचना हाताला जास्त सोयीची आहे, लांब बोटं वर, आखूड बोटं खाली. शोपँ स्वतः नव्या विद्यार्थ्याला सी मेजर आधी देत नसे, बोटं नैसर्गिकपणे पडावीत म्हणून ई, एफ शार्प, जी शार्पवाली ठेवण द्यायचा. डी मायनरमध्ये हाच पळता भाग उगाच अवघड होऊन बसतो. आणि मुख्य म्हणजे खरंच डी मायनरमध्ये वाजवला असता तर पूर्ण जुळला असता, मध्येच कुठेतरी लटकला नसता.

जुनीतबकडी
उशिरा आलो, पण हा प्रश्न माझ्यासाठीच ठेवलेला दिसतोय. 'खरखर भरपूर' हे तू पहिल्याच पोस्टीत लिहिलंस आणि सगळे थाट-मूर्च्छनेत रमले.

बाई, तुझी तबकडी जोरात फिरतेय.

७८ ची रेकॉर्ड म्हणतात खरं, पण सुरुवातीच्या काळात मिनिटाला ७८ फेऱ्या हा काही नियम नव्हता. कंपनीकंपनीप्रमाणे, कधी सत्रागणिक, ७० पासून ८० च्या वरपर्यंत काहीही असायचं. १९२० च्या दशकात विजेवर रेकॉर्डिंग सुरू झालं आणि मग हळूहळू ७८ वर स्थिरावलं. आता समज, ७४ वर कोरलेली तबकडी कुणीतरी आज डिजिटल करताना डोळे झाकून ७८ वर फिरवली. ७८ भागिले ७४, साधारण साडेपाच टक्के वेग जास्त. पूर्ण अर्धस्वर चढायला सहा टक्क्यांच्या थोडं खाली लागतं. म्हणजे तुझं रेकॉर्डिंग अर्धस्वराला किंचित कमी इतकं चढणार. पांढरी दोनच्या अगदी जवळ पण तिथे नाही. तू लिहिलंस तेच.

आणि वेग वाढला की फक्त सूर चढत नाही. लयही त्याच प्रमाणात चढते, पियानोचा आवाजही पातळ होतो, ठोक्याची धार वाढते. अ‍ॅपने 'उत्साही' म्हटलं त्यात थोडा वाटा त्या फिरवणाऱ्याचाही आहे.

करून बघ: एडिटरमध्ये टाक, स्पीड ९५ टक्के कर. मात्र 'सूर न बदलता वेग कमी करा' तो पर्याय नको, साधा स्पीड, सूर आणि लय दोन्ही एकदम खाली आले पाहिजेत. नक्की ७४ च असेल असं नाही, कान लावून थोडं पुढेमागे कर.

तिरकिट
वा. म्हणजे तबलावाल्याने मोजलेलं १८२ सुद्धा चुकीच्या घड्याळावर मोजलेलं.

जुनीतबकडी
घड्याळ बरोबर होतं, तबकडीच पळत होती 😀

अवांतर: जुन्या रेकॉर्डची लय ऐकून 'तेव्हाचे लोक वेगाने वाजवायचे' असा निष्कर्ष काढताना सांभाळून. एक म्हणजे हे स्पीडचं. दुसरं, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची, बारा इंचीवर चार-साडेचार. वाजवणाऱ्याच्या डोक्यावर ती बाजू संपायची टांगती तलवार. कुणी पुनरावृत्ती गाळायचं, कुणी लय ओढायचं. तिसरं, खरंच वेगाने वाजवतही असतील, ती शक्यताही आहेच!

गंधारवेडी
झालं!!!!!! ९५ टक्के केलं आणि ट्रान्सपोज शून्यावर आणलं आणि काळी एक दाबली आणि ती रेकॉर्डिंगमध्ये विरघळून गेली. मी एकटीच हसत बसले होते खोलीत.

लांबी आता ३ मिनिटं २० सेकंद. आकडे परत काढले: पहिला भाग १४० च्या आसपास, पळता २३८, मधला १२४. सरासरी १७३.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. मी हे रेकॉर्डिंग शंभरदा ऐकलं असेल, आणि ते दुसरंच निघालं. आधी मधला भाग मला गोड वाटायचा, आता तो गोड नाही वाटत, म्हणजे गोडच आहे पण कुणीतरी जुनं काहीतरी आठवून बोलतंय असं. आणि पहिला भाग आधी नाचरा वाटायचा, आता त्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक खाली बसणं आहे ते ऐकू येतं. अर्धा सूर आणि दहा सेकंद, इतक्याने एवढं बदलतं?

निवांतराव
इतक्या सगळ्या गणितानंतर बाईंनी शेवटी डोळे मिटून ऐकलंच. मी दुसऱ्याच पोस्टीत सांगितलं होतं.

गंधारवेडी
निवांतराव, चुकीच्या स्पीडवर डोळे मिटून काय उपयोग? 😛

कुंपणावरून
मूडचं कोणी बोललंच नाही अजून. 'मायनर म्हणजे दुःखी, मेजर म्हणजे आनंदी' हे खरं की नुसती सवय? आणि अ‍ॅप मूड काढतं कसं?

तिरकिट
काढायचं काय, ठोके किती दाट, आवाज किती मोठा, मेजर की मायनर, असल्या मोजता येणाऱ्या गोष्टींवरून. हजारो गाण्यांना माणसांनी लावलेली लेबलं मशीनला दाखवायची, मग ते नव्या गाण्याला जवळचं लेबल चिकटवतं. स्पॉटिफायकडे असे आकडे होते, एनर्जी, व्हॅलन्स वगैरे, ० ते १ मध्ये, २०१४ ला त्यांनी एको नेस्ट नावाची कंपनी घेतली तिथून आलेले. व्हॅलन्स म्हणजे किती प्रसन्न. नोव्हेंबर २०२४ पासून नव्या डेव्हलपरना ते आकडे मिळणं बंद झालं. मी माझ्या एका छोट्या प्रोजेक्टसाठी ते वापरणार होतो, राहिलं ते राहिलंच.

या वॉल्ट्झचा प्रॉब्लेम असा की निम्मा वेळ दर सेकंदाला आठ सूर पडतायत. मशीनला वाटणार, केवढा उत्साह.

काळीपांढरी
निम्मा वेळ नाही, एक तृतीयांश वेळ. तुकडे निम्मे, वेळ तिसरा हिस्सा. शिकवायची सवय, सॉरी 😀

पण मुद्दा पटला. त्या पळत्या भागाला उत्साह म्हणावं का? मला तो अस्वस्थपणा वाटतो. झोप न लागल्यावर तेच तेच विचार फिरतात तसा. तीनही वेळा जवळपास तेच सूर, काही नवं सांगत नाही, आणि शेवटी हळू होत होत वर जाऊन विरतो. त्याला दार लावल्यासारखा शेवटही नाही.

मायनर म्हणजे दुःखी हे फार ढोबळ. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत सापडलेला शोपँचा वॉल्ट्झ जाहीर झाला, तो ए मायनर. पोस्टकार्डाहूनही लहान कागद, १० बाय १३ सेंटिमीटरच्या आसपास, २४ बार, पुनरावृत्ती धरून जेमतेम मिनिट-सव्वा मिनिट. हस्ताक्षर त्याचं, वरचं नाव मात्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं. आणि तो सुरू होतो हळू आवाजात पण थोड्याच बारांत तीन एफ, म्हणजे जितकं जोरात शक्य तितकं. आता याला काय लेबल लावणार? मला तर तो चिडलेला वाटतो. आणि त्याच्या हयातीत छापलेला ए मायनर, ओपस ३४ मधला दुसरा, त्यावर लेंतो लिहिलंय, पट्टी तीच पण सगळं जग मंदावल्यासारखं.

कुंपणावरून
म्हणजे पट्टीवरून मूड कळत नाही, लयीवरूनही नाही. मग राहिलं काय?

जुनीतबकडी
राहिला वाजवणारा. आणि त्याच्याबद्दल आपल्याला काय माहिती आहे ते.

दिनू लिपाती, रोमानियन पियानिस्ट. १९५० च्या जुलैत जिनिव्हात त्याने १४ वॉल्ट्झ रेकॉर्ड केले. हॉजकिन्सचा आजार, औषधाने तात्पुरती उभारी आलेली. मग १६ सप्टेंबरला फ्रान्समधल्या बेझाँसाँला शेवटची मैफल, कार्यक्रमात हेच १४. तेरा वाजवले. चौदावा वाजवायची ताकद उरली नव्हती. २ डिसेंबरला गेला, वय ३३. ती मैफलही ध्वनिमुद्रित आहे. वाजवणं कसं आहे? स्वच्छ, हलकं, कुठेही रडगाणं नाही. मशीनला ऐकवलं तर प्रसन्नच म्हणेल आणि मशीन खोटं बोलत नसेल. पण मला ती तारीख माहिती आहे, मला तो प्रसन्न ऐकू येत नाही.

तिरकिट
यावर माझी असहमती नोंदवतो. मग आपण सूर ऐकत नाही, गोष्ट ऐकतो. तारीख न सांगता तुम्हाला ऐकवलं असतं तर?

जुनीतबकडी
मला पहिल्यांदा ऐकवलं होतं ते न सांगताच. तेव्हा छान वाटलं होतं, इतकंच. तुझा मुद्दा मान्य आहे. पण कळल्यावर न कळल्यासारखं ऐकता येत नाही, त्याला काय करू?

काळीपांढरी
दोघेही बरोबर म्हणून मी पळ काढणार नाही, मी तिरकिटच्या बाजूची. विद्यार्थ्याला मी लिपातीची गोष्ट सांगत नाही, मी सांगते की लिपातीचा डावा हात ऐक. कोर्तो या फ्रेंच पियानिस्टचं १९३४ चं ऐक आणि मग लिपातीचं, कोर्तो वाक्य मध्येच ओढतो, सोडतो, बोलल्यासारखं, लिपाती एका श्वासात. मूड तिथे आहे, वाक्य कुठे वाकवलं त्यात. आणि ते कानाने कळतं.

शोपँ स्वतः व्हिएन्नात असताना घरच्यांना लिहायचा की मला धड वॉल्ट्झ नाचता येत नाही, माझ्या पियानोला मझुर्काच (पोलिश लोकनाच) माहीत. या सी शार्प मायनरच्या पहिल्या भागात तो मझुर्काचा लचका आहेच. नाचासाठीचा वॉल्ट्झ समजून पहिला ठोका दणादण दिला की तोच मरतो. त्यामुळे गंधारवेडी, तू 'खाली बसणं' म्हणालीस ना, ते पकड.

गंधारवेडी
अपडेट देऊन ठेवते. ती ९५ टक्केवाली फाइल परत अ‍ॅपला ऐकवली, राहवलं नाही 🙈 आता म्हणतंय: डी फ्लॅट मेजर, ८४ बीपीएम, मूड रोमँटिक.

काळीपांढरी
😂😂 मधला भाग आवडलेला दिसतोय त्याला.

गंधारवेडी
हो ना, पण मी म्हटलं सा तरी बरोबर धरला, काळी एक! थाट पुढच्या परीक्षेला.

आता माझी कर्मकहाणी. पहिला भाग १२० ला बसतोय, मधला बराच सुधारलाय. पळता भाग १३० च्या पुढे गेला की बोटं एकमेकांत अडकतात, २३८ तर स्वप्नच.

काळीपांढरी
उजवा हात आठवडाभर बाजूला ठेव. नुसता डावा, २३८ लाच, बास आणि दोन कॉर्ड, न बघता उडी मारता येईपर्यंत. डावा घाबरला की उजवा अडखळतो, लोक उगाच उजव्याला रगडत बसतात. उजवा नंतर दोन-दोन बारचे तुकडे करून, पूर्ण लयीत, तुकड्याच्या शेवटी थांब.

तिरकिट
नुसत्या डाव्या हाताचं रेकॉर्डिंग टाक, ठेका कसा चाललाय सांगतो. उजव्यातलं मला काही कळत नाही.

गंधारवेडी
टाकलं तुला मेसेजमध्ये. ३२ बार, हसायचं नाही.

तिरकिट
ऐकलं. बारावा बार संपेपर्यंत छान. मग दुसरा ठोका आधी पडायला लागतो आणि तिसऱ्याला जागाच राहत नाही, तू उडीला घाबरून लवकर निघतेयस. बास वाजल्यावर हात लगेच उचलू नकोस, असं आपलं मला वाटतं, पियानोचं माहीत नाही.

काळीपांढरी
पियानोचंही तेच आहे. बरोबर पकडलंस.

गंधारवेडी
ओके. बारापासून परत. उद्या पाठवते.